तुझा शेजारी तर मी

दत्तू,

सकाळी फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. "विलासराव का? मी आबांचा शेजारी बोलतोय, सिद्राम. सांगलीहून," असं तो माणूस म्हणाला आणि मला राग आला. तू गेल्याचं कळायला अजून एक वाक्य बाकी होतं. तेवढ्या अवकाशात मी रागावून घेतलं. आबांचा शेजारी म्हणे! अरे, दत्तूचा शेजारी मी. पाव शतक मी. चार-पाच वर्षं तुझ्या खालच्या गाळ्यात राहिलेला माणूस एवढ्या हक्कानं मला हे कसं काय सांगतो?

मग त्यानं ते वाक्य उच्चारलं. चहाचा कप हातात होता, तशीच मान टाकलीस म्हणाला. त्रास काही झाला नाही म्हणाला. मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. आतून मालननं विचारलं, "कुणाचा हो?" तर माझ्या तोंडून काय जावं? "दत्तूच्या शेजाऱ्याचा." ती बाहेर आली, माझ्याकडं बघितलं आणि आहे तिथं खाली बसली.

तुझ्या नोकरीबद्दल, पलटणीबद्दल, मिळालेल्या पदकाबद्दल लिहिणारे लिहितील. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि तू मधूनच उठून गेलास.

आपण दोघांनी साताऱ्यात शेजारी शेजारी प्लॉट घेतले तेव्हा आजूबाजूला नुसतं गवत होतं. तू पलटणीतून सुटून आलेला, पाटणच्या वरच्या अंगाचा, कोयनेच्या खोऱ्यातला. मी मेढ्याचा, मोजणी खात्यातला. जन्मभर लोकांच्या हद्दी मोजून माझा एक स्वभाव झाला होता. घराचा पाया खणायच्या आधी मी एका रविवारी स्वतः टेप घेऊन आपली सामाईक हद्द मोजायला लागलो. तू अर्ध्या चड्डीत, हातात चहाचे दोन कप घेऊन आलास.

"किती निघतंय, सायेब?"

"तुमच्याकडं चार बोटं जास्त गेलंय."

"मग घ्या की तुमच्याकडं. चार बोटांत काय कोथिंबीर बी यायची न्हाई."

मी हसलो नाही. मला वाटलं, हा माणूस माझी टिंगल करतोय. मोजणीच्या कामात मी वीतभर बांधासाठी सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे राहिलेले बघितले होते. चार बोटं अशी चहाबरोबर देऊन टाकणारा माणूस मला माहीतच नव्हता. पुढं भिंत घालताना तू ती कमरेएवढीच घालायला लावलीस. मी पुरुषभर म्हणत होतो. तू म्हणालास, "उंच केली तर कप कुठं ठेवायचा?" झालं. संध्याकाळ झाली की तुझे दोन्ही कोपर त्या बाजूनं भिंतीवर, माझे या बाजूनं. सिंधूवहिनी आणि मालन त्या भिंतीवरून वाट्या, ताटल्या, पातेली इकडून तिकडं करायच्या. कुणाचं पातेलं कुणाच्या फळीवर आहे याचा हिशेब दोघींनी केव्हाच सोडून दिला होता.

खरं सांगू? तुझा हेवा मला तेव्हापासून आहे. त्या दुपारी धक्का बसला, आठवतं? कोयनेकडं जमीन हलली की आपल्याकडं भांडी वाजायची, त्याची सवय होती. पण त्या दिवशी जरा जोरात बसला. मी कुठंतरी मोजणीला गेलेलो, मालन बाजारात. घरात माझी आई एकटी, अंथरुणावर. तू भिंतीवरून उडी मारून आलास, आईला गोधडीसकट उचललंस आणि अंगणात आणून बसवलंस. मग तुला आठवलं की आपल्याही घरात बायको आहे. वहिनी तोवर स्वतःच बाहेर येऊन कमरेवर हात देऊन उभ्या होत्या. "आवं, म्हंजी आधी शेजारीण, मग बायको व्हय?" हे वाक्य त्यांनी नंतर वर्षानुवर्षं तुला ऐकवलं.

मी संध्याकाळी घरी आलो तर माझी आई तुझं कौतुक थांबवायला तयार नाही. त्या दिवसापासून औषध घेताना ती माझ्या हातून तोंड फिरवायची आणि तुझ्या हातून मुकाट घ्यायची. "दत्तूला बोलव," म्हणायची. पोटचा पोरगा समोर चमचा धरून उभा, आणि हिला दत्तू पाहिजे. मी तुला एकदा विचारलंही, "साधा धक्का होता रे. एवढा का पळालास?" तू म्हणालास, "सवय." तेवढंच. मी पुढं विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस.

वहिनी गेल्या आणि तू एकटा पडलास. रेखा सांगलीला, बँकेत. ती दर रविवारी येऊन म्हणायची, "आबा, चला." मी म्हणायचो, जाऊ नको. मी शेजारी आहे, मालन आहे, जेवण भिंतीवरून येतंय, आणखी काय पाहिजे? तू म्हणायचास, "पोरगी दर आठवड्याला हेलपाटं घालतीया, तिचा जीव जातुया." हे तुझं म्हणणं खरं होतं. पण खरं असलं म्हणून मला पटायला पाहिजे असं कुठं आहे? तू घर विकलंस त्या दिवशी मी तुझ्याशी बोललो नाही. टेम्पोत सामान चढवताना मदत केली, दोऱ्या घट्ट बांधल्या, आणि बोललो नाही.

तुझं घर घेणारी माणसं वाईट नाहीत. नवरा-बायको दोघं तरुण. तो घरी बसून कॉम्प्युटरवर काम करतो, ती रोज गाडी घेऊन कुठंतरी जाते. गेटवर दोन आडनावं लिहिलीत, पैकी कुठलं कुणाचं ते मला ठाऊक नाही. आल्या आल्या त्यांनी पहिलं काम केलं ते भिंत वाढवायचं. आता ती माझ्या डोक्याच्या वर गेली आहे आणि टोकावर कॅमेरा आहे. मी जास्वंदीला पाणी घालायला उभा राहिलो की तो माझ्याकडं बघतो. पार्सलवाला आला की गेट एका हाताएवढं उघडतं, खोकं आत जातं, गेट बंद.

आणि हे एकट्या त्यांचंच नाही. आपल्या आळीत आता सगळ्यांच्याच भिंती वाढल्यात. विरजण मागायला कुणी येत नाही, दह्याचे डबे फोनवर मागवतात. कुणाच्या घरी पाहुणे आले हे चपलांवरून कळायचं, आता चपला आत ठेवतात. कॉलनीचा एक ग्रुप आहे मोबाइलवर. त्यात रोज सकाळी शंभर माणसं एकमेकांना फुलं पाठवतात. तीच माणसं रस्त्यात भेटली की हेल्मेट काढत नाहीत.

तुला फोन केला की तू पहिलं हेच विचारायचास. "नवी माणसं काय म्हणत्यात? गेलतास का?"

"मी कशाला जाऊ? त्यांनी यायचं असतं."

"आरं, नवं माणूस बुजल्यालं असतं. जुन्यानं जायचं असतंय."

"कॅमेरा लावून बसलेलं माणूस बुजलेलं असतं होय?"

"भ्यालंय म्हनून तर कॅमेरा लावलाय की रं."

दर फोनला हेच. तुझं आपलं एकच, उठ आणि जा. आणि त्यानंतर तुझ्या सांगलीच्या गोष्टी सुरू व्हायच्या. सिद्राम असं म्हणाला, सिद्रामनं हे आणलं, सिद्रामच्या बायकोनं शेंगाची चटणी दिली. मी इकडं फोन कानाला धरून भिंतीकडं बघत बसायचो. मला तू गेल्याचं दुःख होतंच. पण तुला तिकडं दुसरी भिंत मिळाली, कमरेएवढी, याचं दुःख जास्त होतं. माणूस दूर जाऊन झुरला तर निदान आपली किंमत कळते. तू झुरायला तयारच नव्हतास.

सुरुवातीला मी एकदा तुझ्याकडं येऊन गेलो. रेखानं चांगलं जेवू घातलं. पण जेवताना दोनदा बेल वाजली, तू दोनदा उठून गेलास आणि दारात हसत बोलत राहिलास. मी पाहुणा होतो, दत्तू. तुझ्या घरात मी पहिल्यांदाच पाहुणा झालो होतो. मुक्कामाची पिशवी घेऊन आलो होतो ती तशीच घेऊन संध्याकाळच्या गाडीला बसलो.

मग कृष्णेला पूर आला. टीव्हीवर सांगली दाखवत होते, आणि तुझा फोन लागत नव्हता. रेखा आणि जावई मिरजेला अडकलेले, तेवढं तिच्याकडून कळलं. तू त्या फ्लॅटमध्ये एकटा. मालननं देव पाण्यात घातले. मी कराडपर्यंत जायला निघालो तर गाड्या बंद. कितीतरी दिवसांनी तुझा फोन आला. मी रडायच्या बेतात, आणि तू म्हणतोस, "लय मानसं व्हती गड्या घरात! पाय ठिवाय जागा न्हवती. खालची समदी वर माझ्याकडं."

तुझा आवाज किती ताजा होता! आईशपथ सांगतो, मला त्या पुराचा हेवा वाटला. लोकांचे संसार वाहून गेले होते आणि मी साताऱ्याच्या कोरड्या घरात बसून विचार करत होतो की आपल्याकडं काही झालं तर कोण कुणाच्या घरी चढेल?

आता आपला शेवटचा फोन. तुझ्या जुन्या घरात त्या कॉम्प्युटरवाल्या मुलाचे वडील राहायला आले होते, आजारी होते म्हणे. 'म्हणे' म्हणतो, कारण मी त्यांना बघितलं नव्हतं. एका सकाळी ॲम्ब्युलन्स आली आणि गेली. दुपारी ग्रुपवर कळलं की ते वारले. माझ्या बेडरूमपासून तिसऱ्या पावलावर भिंत, भिंतीपलीकडं माणूस गेला, आणि मला ते मोबाइलवर कळलं. त्याखाली लोकांनी जोडलेल्या हातांची चित्रं टाकली होती. मीही टाकलं. हे मी तुला फोनवर सांगितलं, काळ कसा आलाय बघ, या अर्थानं. मला वाटलं, तू च् च् करशील.

पण तू ते केलं नाहीस. म्हणालास, "आन् मग तू गेलास का न्हाई?"

"ओळख ना पाळख, जाऊन काय सांगू? मी पलीकडचा?"

"व्हय. त्येच सांगायचं. मी पल्याडचा."

"दत्तू, तुझ्या वेळचं आता काही राहिलं नाही. लोकांना शेजारी नको आहेत."

"लोकांचं सोड. तुला पायजे का न्हाई, ते बोल."

मी फोन ठेवला. रागानं ठेवला. उद्या-परवा तूच करशील, अशी खात्री होती. त्यानंतर आला तो सिद्रामचा.

रक्षाविसर्जनाला मी आलो तेव्हा तुझ्या त्या अपार्टमेंटचा जिना चढता येईना. प्रत्येक पायरीवर चपला. प्रत्येक मजल्यावर दारं सताड उघडी. आपल्या कॉलनीत एवढी दारं एकदम उघडी मी कित्येक वर्षांत बघितली नव्हती. रेखा मला बघून गळ्यात पडली, तेवढं माझं. बाकी सगळे लोक तुझे, आणि मला कुणी ओळखत नाही. "आपण कोण?" एका बाईनं मला विचारलं. तुझ्या दारात, मला!

ती तिसऱ्या मजल्यावरची शबाना. नर्स आहे म्हणाली. डोळे सुजलेले. मी साताऱ्याचा म्हटल्यावर माझ्याजवळ बसली आणि सांगायला लागली, "आम्ही नवीन आलो तेव्हा दार लावूनच असायचो. एक दिवस आबांनी कडी वाजवली. म्हणाले, पोरी, तुमच्यात आज फोडणी कशाची? लय वास सुटलाय. मग वाटीत घालून दिलं. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली तर तिच्यात गूळ-शेंगदाणे."

ती रडता रडता हसत होती आणि मला हसू येईना. कारण हे वाक्य आमचं होतं, दत्तू. घर बांधून झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तू भिंतीवरून मालनला हेच विचारलं होतंस. वहिनी, तुमच्यात आज फोडणी कशाची? शब्द न् शब्द तोच. वाटीतून गूळ-शेंगदाणेसुद्धा तेच. मालन अजून ते सांगते, जणू काही जगात एकदाच घडलं.

तिथं बसल्या बसल्या मला एक प्रश्न पडला, तो अजून सुटलेला नाही. मी तुझा कोण होतो? मित्र होतो, की फक्त बाजूच्या प्लॉटवरचा माणूस? माझा प्लॉट दुसऱ्या कुणी घेतला असता तर तू त्याच्याबरोबर कोपर टेकून उभा राहिला असतास. त्याच्या आईला उचलून बाहेर आणलं असतंस. मला वाटत होतं, ते सगळं माझ्यासाठी होतं. ते तर तुझ्याकडं नुसतंच होतं, आणि मी त्या वाटेत घर बांधलं होतं.

दुपारी सिद्राम मला खाली त्याच्या गिरणीत घेऊन गेला. जतकडचा माणूस, उंच, काटक, भुवयांवर पीठ. मी ठरवून आलो होतो की याच्याशी बेतानंच बोलायचं. त्यानं स्टुलावरचं पीठ झटकलं, मला बसवलं आणि चहा सांगितला.

"आबांना साखर कमीच लागत होती बघा," तो म्हणाला.

"कमी नाही. दीड चमचा," मी म्हणालो.

"डॉक्टर बंद करायला लावले की."

"ते तिकडं लावलं असेल. तो दीडच घ्यायचा."

दोन म्हातारे, मेलेल्या माणसाच्या साखरेवरून. मालन असती तर तिनं दोघांनाही झापलं असतं.

मग तो पुराचं सांगायला लागला. पाणी गिरणीत शिरलं, मोटार बुडाली, ते त्याला सोसलं. पण लोकांनी दळायला दिलेलं धान्य डब्या-पिशव्यांत तसंच होतं. ते फुगलं, कुजलं. "लोकांचं खायचं धान्य होतं ते, विलासराव. माझ्या भरवशावर ठेवलेलं. मी आबांच्या खिडकीत बसून खाली बघत होतो. बायको बोलली तरी बोललो नाही. कुणाशीच नाही. तेव्हा आबा माझ्या बाजूला येऊन बसले आणि ते भूकंपाचं सांगितले."

"कुठलं भूकंपाचं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "तुम्हाला ठाऊक नाही?"

मला ठाऊक नव्हतं, दत्तू. तुझ्या बर्फातल्या गोष्टी मला पाठ आहेत. पलटणीच्या लंगरमधल्या आचाऱ्याची गोष्ट तू मला इतक्यांदा सांगितलीस की मीच ती पुढं सांगायचो. आणि ही गोष्ट मला एका गिरणीत, परक्या माणसाच्या तोंडून कळली.

तू पोरगा होतास. पहाटे घर अंगावर आलं. वासा छातीवर आडवा, तोंडात माती. तुझ्या वडलांचं आणि शेजारच्या घराचं बांधावरून कितीतरी वर्षांचं वैर, बोलणंचालणं बंद, एकमेकांच्या दारावरून गेलं तरी मान वळवायचे. त्याच शेजाऱ्यानं तुझा आवाज ऐकला. हातानं माती उपसली त्यानं, नखं उलटली. तुला बाहेर काढून आपल्या घोंगड्यात गुंडाळलं आणि तुझ्या बापाच्या मांडीवर नेऊन ठेवलं. एक शब्द बोलला नाही.

"मग आबा मला बोलले, सिद्राम, त्या माणसानं माझ्या बापाला विचारलं नाही, आपलं भांडण मिटलं का म्हणून. माती उपसायची होती, उपसली. तू बी लोकांना तोंड कसं दाखवू म्हणत बसू नको. पाणी उतरलं की गाळ उपसायचा. मी हाय संगं. आणि खरंच आले की. खराटा घेऊन, या वयात."

हे सगळं ऐकून माझ्या तोंडून जे निघालं त्याची मलाच लाज वाटली. मी विचारलं, "मग बांध कुणाचा निघाला?"

सिद्राम हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "आबा हेच बोलले होते बघा! मी विचारलो होतो त्यांना, विलासरावांना सांगितला का हे? तर म्हणाले, न्हाई. त्यो मोजणीवाला. ऐकून घेईल आणि पहिलं विचारंल, बांध कुणाचा?"

मी पण हसलो. मग रडलो. गिरणीतल्या त्या पिठाच्या धुरळ्यात दोन्ही एकदमच झालं. तू मला ही गोष्ट सांगितली नाहीस, कारण तू मला एवढं ओळखत होतास. याचा आनंद मानू की राग? मला अजून ठरवता आलेलं नाही. सिद्रामला त्या गोष्टीची गरज होती, म्हणून त्याला दिलीस, हे कळतं. कळलं तरी हेवा जात नाही. मी खिडकीत बसलो नव्हतो का? इकडं, त्या उंच भिंतीकडं बघत?

बांध कुणाचा निघाला ते सिद्रामनं सांगितलं. अजून निकाल लागलेला नाही. तुझा बाप आणि तो शेजारी त्यानंतरही भांडतच राहिले, फक्त एकमेकांच्या ओसरीवर बसून.

निघताना सिद्राम स्टँडवर सोडायला आला. बस लागेपर्यंत उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "एक सांगू? मला तुमचा लय राग यायचा. मी काही पण केलो तरी आबांचं विलास असं, विलास तसं. शेजारी असावा तर विलासवानी, असं म्हणायचे. मी गाळ काढायला लागलो तरी विलासच!" मी खिडकीतून त्याच्याकडं बघत राहिलो. वाटेत कराड कधी आलं आणि गेलं, कळलं नाही. तू मला भांडकुदळ म्हणायचास, हट्टी म्हणायचास, तोंडावर कधी एक चांगला शब्द बोलला नाहीस. बोलायचं होतं ते सांगलीला जाऊन बोललास.

आता एक शेवटचं सांगतो. तिथं सगळे आपापल्या आठवणी काढत होते तेव्हा एक आठवण मी तोंडातून बाहेर येऊ दिली नाही. एवढी एक तरी माझी राहू दे, म्हटलं. सांगलीला जायच्या आधीची. वहिनींचं सगळं उरकलं होतं. एके सकाळी तू पिठाचा डबा घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आलास. "वहिनी, मला भाकरी शिकवा."

मालन म्हणाली, "आवं, लेकीकडं चाललाय ना? मग तुमाला कशाला भाकरी बडवाय लागतीय?"

"तिला नोकरी हाय. तिच्या जिवावर किती बसू?"

परात घेऊन खाली बसलास. पहिली फाटली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. मालन म्हणाली, पाणी जास्त झालं, हात हलका ठेवा. मी दारात उभा राहून टिंगल करत होतो. चौथी की पाचवी विस्तवावर टाकली आणि ती टम्म फुगली. तू तिच्याकडं बघत राहिलास. म्हणालास, "सिंधूला दावाय पायजे व्हती." आणि पिठाचा हात तसाच तोंडावर धरून बसलास. मालननं पुढचा गोळा मळायला घेतला. ती फुगलेली भाकरी मी खाल्ली. नुसती, कशाशीच नाही.

काल सिद्रामचा फोन आला. हल्ली तो करतो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "दत्तू भाकरी करायचा का हो तिकडं?"

"करायचे का म्हणून काय विचारता? पुरात आठवडाभर आम्ही आबांच्या हातचीच खाल्लो की. वरच्या लोकांनी पीठ दिलं, आबा बसले तव्यापुढं. वीस माणसांच्या भाकरी एकटा माणूस! बायका म्हणत होत्या, सरका, आम्ही करतो, तर सरकत नव्हते. फुगली की प्रत्येकाला दाखवायचे."

मग मी त्याला सांगितलं. ती सकाळ, तो डबा, फाटलेल्या भाकरी, वहिनींचं नाव, सगळं. जे कुणाला सांगणार नव्हतो ते सांगून टाकलं. तिकडं गिरणी चालू होती, ती त्यानं बंद केल्याचं ऐकू आलं.

"म्हणजे पुरात आम्ही खाल्लो त्या भाकरी तुमच्याच घरच्या की," सिद्राम म्हणाला.

अशा वेळी काय म्हणायचं असतं ते मला कळतं, दत्तू. नाही हो, ज्यानं थापल्या त्याच्याच त्या, असं म्हणायचं असतं. मी तसं म्हणालो नाही.

"व्हय," म्हणालो. "आमच्याच घरच्या."